मुलींचा खेळ आणि बरोबरीचा हिशेब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी काही भाग थोडक्यात घेतला आहे.)



रौप्यमहोत्सव समितीने मला विषय दिला तो 'महिला क्रीडा आणि स्त्री-पुरुष समानता'. समितीतल्या एका सभासदांनी तिथल्या तिथे विचारलंसुद्धा, "नाना, तुम्ही बँकेतले. तुम्हाला व्याजदरावर बोला म्हटलं असतं तर समजलं असतं, हे खेळाचं कुठून काढलं?" मी त्यांना म्हटलं, भाऊ, समानता हा हिशेबाचाच विषय आहे. कोणाला किती मिळालं, कधी मिळालं आणि किती बाकी राहिलं, एवढंच तर पाहायचं असतं. तेव्हा आज मी तुमच्यापुढे एक खातं उघडून ठेवणार आहे. जमा किती झालं ते अभिमानाने सांगेन, आणि थकबाकी किती आहे तेही सांगेन. शेवटी आपल्या सोसायटीच्या नावावर जी थोडी बाकी आहे, तिच्याबद्दल दोन शब्द बोलेन. ते ऐकल्याशिवाय कोणी चहाला उठू नये ही विनंती.

हा विषय आत्ताच का, याला कारण आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. त्या रात्री आपल्या सोसायटीत फटाके वाजले. दिवाळीचे उरलेले होते, पण वाजले. ज्या घरांत मुलींनी क्रिकेट पाहिलं तर "अभ्यास कर" म्हणतात, त्या घरांतही टीव्ही बारानंतर बंद झाला. मला आनंद झालाच, पण बँकेची सवय जात नाही. मनात आलं, ही रक्कम एका रात्रीत जमा झालेली नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं हप्ते भरले आहेत. ते कोणी भरले, ते पाहू.

सुरुवात आपल्या गावापासूनच करतो. सारंगखेड्याचं नाव घेतलं की कोणालाही दोनच गोष्टी आठवतात, एकमुखी दत्त आणि घोडेबाजार. दत्तजयंतीला यात्रा भरते, तापीकाठी मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे उभे राहतात, आणि लाखांचे व्यवहार होतात. आता ऑलिंपिकमधली एक गंमत सांगतो. ऑलिंपिकमध्ये बहुतेक खेळांत पुरुषांची स्पर्धा वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. पण घोडेस्वारीत तसं नाही. एकाच रिंगणात, एकाच पदकासाठी, स्त्री आणि पुरुष एकमेकांविरुद्ध उतरतात. घोड्याला पाठीवरचा स्वार बाई आहे की पुरुष याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला लगाम धरणारा हात समजतो.

पण माणसांना हे समजायला वेळ लागला. १९५२ च्या आधी ऑलिंपिकच्या ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात फक्त लष्करी अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दार उघडलं आणि पहिल्याच वेळी डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंनी रौप्यपदक मिळवलं. या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला होता. गुडघ्याखाली पायांत ताकद नव्हती. घोड्यावर बसवायला आणि उतरवायला मदत लागायची. त्यांनी लष्करातल्या कसलेल्या स्वारांना मागे टाकलं, आणि चार वर्षांनी पुन्हा रौप्य जिंकलं. आपल्याकडचं सांगायचं तर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण ४१ वर्षांनी आलं. त्या चौघांच्या संघात दोन मुली होत्या, राजस्थानची दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदीप्ती हजेला. घोड्यांच्या गावात राहून हे आपल्याला माहीत असायला हवं, म्हणून सांगितलं.

आता हेलसिंकीचं नाव निघालंच आहे, तर तिथेच थोडं थांबू. याच १९५२ च्या स्पर्धेत आपल्या सातारा जिल्ह्यातले खाशाबा जाधव यांनी कुस्तीचं कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण त्याच संघात चार मुली होत्या हे किती जणांनी ऐकलं आहे? निलिमा घोष, आरती साहा, डॉली नझीर आणि मुंबईच्या वांद्र्याच्या मेरी डिसोझा. स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकला गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. मेरी डिसोझा १०० आणि २०० मीटर धावल्या, पुढे हॉकीतही देशाकडून खेळल्या. त्याच्या आदल्या वर्षी, १९५१ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या रोशन मिस्त्री यांनी १०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं होतं, आणि मेरीताईंनी २०० मीटरमध्ये कांस्य. मेरी डिसोझांना सरकारचा ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०१३ साली. म्हणजे धावल्यानंतर साठ वर्षांनी पावती मिळाली. खाशाबांचीही सरकारने आयुष्यभर उपेक्षाच केली, हे खरं. पण निदान त्यांचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. या चौघींचं तेवढंही राहिलं नाही.

जगात काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये एकही स्त्री नव्हती. १९०० साली पॅरिसला सुमारे हजार खेळाडूंत २२ स्त्रिया होत्या. १९२८ साली अॅमस्टरडॅमला स्त्रियांना पहिल्यांदा मैदानी शर्यतींत घेतलं. ८०० मीटरच्या शर्यतीनंतर काही मुली दमून बसल्या, तर वर्तमानपत्रांनी गहजब केला की बायकांच्या शरीराला हे झेपणार नाही. झालं, ती शर्यत बंद. पुन्हा सुरू झाली १९६० साली. बत्तीस वर्षं! शर्यत संपल्यावर पुरुषही दमून आडवे होतात, पण म्हणून कोणी त्यांची शर्यत बंद केली नाही. आणि मंडळी, ज्या काळात युरोपातले शहाणे लोक ठरवत होते की बाईला ८०० मीटर पळणं झेपत नाही, त्या काळात आपल्या सातपुड्यातली बाई डोक्यावर मोळी आणि पाठीला पोर बांधून धडगावचा घाट चढत होती. तिला कोणी विचारलं नाही की बाई, तुला हे झेपतं का? काम असलं की झेपतं, खेळ म्हटला की झेपत नाही, असा तो न्याय.

आपल्याकडे 'वरातीमागून घोडं' म्हणतात. बायकांच्या खेळाचं बहुतेक तसंच झालं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ साली आली, स्त्रियांची १९८० साली. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली, कुस्ती २००४ साली, बॉक्सिंग २०१२ साली. आपली कबड्डी आशियाई स्पर्धेत १९९० साली गेली ती फक्त पुरुषांची. मुलींची कबड्डी जायला २०१० उजाडलं. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली २०२३ साली, सांगलीत, आणि प्रतीक्षा बागडी ही पहिली मानकरी ठरली. बासष्ट वर्षांचा फरक!

एक ठिकाण मात्र असं आहे की तिथे घोडं वरातीच्या पुढे होतं. क्रिकेटचा पहिला विश्वचषक कोणी खेळला असं पोरांना विचारा. ती सांगतील १९७५, लॉईडचा संघ. चूक! पहिला विश्वचषक स्त्रियांनी खेळला, १९७३ साली, इंग्लंडमध्ये. पुरुषांचा दोन वर्षांनी आला.

त्याच १९७३ साली आपल्या देशात भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या मुली अनारक्षित डब्यातून प्रवास करायच्या, बिछाने बरोबर घेऊन जायच्या, मिळेल त्या वसतिगृहात जमिनीवर झोपायच्या. बॅटी कमी, म्हणून एकीची दुसरीने वापरायची. १९७६ साली वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी मालिका झाली आणि त्याच मालिकेत पाटण्याला शांता रंगास्वामींच्या संघाने पहिला कसोटी विजय मिळवला. त्या संघातल्या मुंबईच्या डायना एडुल्जी रेल्वेत नोकरी करून खेळायच्या, आणि रेल्वेत इतर मुलींना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून भांडायच्या. १९८६ साली भारताच्या कर्णधार म्हणून त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये त्यांना शिरू दिलं नाही. कारण काय, तर त्या बाई आहेत. त्या क्लबने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव केला तो १९९८ साली. आणि २०१७ साली त्याच लॉर्ड्सवर भरलेल्या स्टेडियममध्ये आपल्या मुली विश्वचषकाची अंतिम लढत खेळल्या. नऊ धावांनी हरल्या, पण त्या दिवसापासून देशाने त्यांची नावं पाठ केली. आपल्या सांगलीची स्मृती मंधाना तेव्हापासून घराघरांत पोचली. डायना एडुल्जींना आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं २०२३ साली, भारतीय स्त्रियांमध्ये सर्वांत आधी.

महिला क्रिकेट २००६ साली मुख्य मंडळाच्या, म्हणजे बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. २०२२ च्या ऑक्टोबरात मंडळाने जाहीर केलं की सामन्याचं मानधन पुरुष आणि स्त्रियांना सारखं. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. ही मोठी गोष्ट आहे, टाळ्या वाजवायला हव्यात. पण पासबुकाचं पुढचं पान उलटून पाहा. २०२४-२५ च्या वार्षिक करारात पुरुषांची सर्वांत वरची श्रेणी ७ कोटींची होती, आणि स्त्रियांची सर्वांत वरची ५० लाखांची. चौदा पट फरक. कोणी म्हणेल, पुरुषांच्या सामन्यांतून उत्पन्न जास्त येतं. खरं आहे. पण ज्या खात्यात तीस-चाळीस वर्षं काही भरलंच नाही, त्याला व्याज कुठून येणार? आधी भांडवल घाला, मग परतावा मागा. २०२३ पासून महिला प्रीमियर लीगमध्ये भांडवल घातलं आणि दोन-अडीच वर्षांत विश्वचषक आला. हा परतावा कोणत्याही मुदत ठेवीपेक्षा चांगला आहे.

त्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ काढून सामना खेचून आणला. आणि या संघाचे प्रशिक्षक कोण? मुंबईचे अमोल मुजुमदार. रणजीत धावांचे डोंगर रचूनही ज्यांना भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही, असा माणूस. मुलींच्या यशाला जसा मुलींचा घाम लागतो तसा अशा पुरुषांचाही हात लागतो, हे बाप मंडळींनी लक्षात ठेवावं.

आता मैदानातून जरा बैठ्या खेळाकडे येऊ, कारण समानतेची एक मोठी लढाई महाराष्ट्राने बुद्धिबळाच्या पटावर जिंकली आहे. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती वासंतीताईंनी जिंकली. पुढची कित्येक वर्षं हे अजिंक्यपद या बहिणींच्याच घरात फिरत राहिलं. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. त्यावरून एकच गदारोळ झाला. मुलगी पुरुषांत कशी? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निर्णय दिला की स्त्री आहे म्हणून कोणालाही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. विचार करा, मुंबईच्या एका मराठी घरातल्या शाळकरी मुलीमुळे जगाचा नियम स्पष्ट झाला! रोहिणी पुढे १९८१ साली आशियाई विजेती झाली. आणि याच वाटेवरून २८ जुलै २०२५ रोजी नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हम्पी, तीही भारतीय. पन्नास वर्षांपूर्वी ज्या दारावर अडवणूक झाली, ते दार आता सताड उघडं आहे.

पण शहरातल्या, सुशिक्षित घरातल्या मुलींची उदाहरणं दिली की आपल्याकडे लगेच म्हणतात, "त्यांचं वेगळं, आपल्याकडे काय?" म्हणून मी दोन नावं मुद्दाम राखून ठेवली आहेत.

पहिलं कविता राऊत. नाशिक जिल्ह्यातलं हरसूलजवळचं सावरपाडा हे आदिवासी गाव. तसं गाव पाहायला आपल्याला लांब जायला नको, अक्कलकुवा-धडगावकडे गेलात की तसेच पाडे दिसतील. लहानपणी पाण्यासाठी लांब चालावं लागायचं. शाळेच्या स्पर्धेत अनवाणी पळायची, कारण पळण्याला बुटाशिवाय दुसरं काही लागत नाही, आणि तेही नव्हते. नाशिकला विजेंद्रसिंग या प्रशिक्षकांच्या नजरेत ती आली. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. राष्ट्रकुलच्या धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री, आणि मिल्खासिंगांच्या १९५८ च्या सुवर्णानंतर ५२ वर्षांनी आलेलं ते पदक. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. २०१२ साली अर्जुन पुरस्कार. लोक तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात. ज्या गावाला धड गाडी जात नव्हती, त्या गावाच्या नावाची एक्सप्रेस झाली.

दुसरं ललिता बाबर. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, मोही गाव. पाऊस म्हणजे पाहुणा. मुलगी आधी खो-खो खेळायची, मग धावायला लागली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. तुम्ही म्हणाल, दहावी म्हणजे काय मोठं? १९८४ साली पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदकाला मुकली, त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय स्त्री ललिता. मध्ये बत्तीस वर्षं गेली. ललिताला पुढे राज्य सरकारने उपजिल्हाधिकारी पदावर घेतलं. हे मी आई-वडिलांसाठी सांगतोय. खेळून पोट भरत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या कार्यालयाबाहेरची पाटी डोळ्यांपुढे आणावी. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हेही कित्येक घरांत माहीत नसतं.

खो-खोचं नाव निघालं म्हणून सांगतो. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची सारिका काळे भारताची कर्णधार झाली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघाने सुवर्ण जिंकलं आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींच्या संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली नेमबाजीत विश्वविजेती झाली, अशी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेतलं. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ साली सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. शिक्षकाची मुलगी. धनुष्यबाणाचं नाव घेतलं की आपल्या जिल्ह्याला एकलव्य आठवतो. तिरकमठा इथल्या कित्येक घरांच्या भिंतीला आजही टांगलेला आहे. तो मुलीच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

ही झाली जमा बाजू. आता बाकी.

पहिली बाकी सुरक्षिततेची. २०२३ च्या जानेवारीत देशासाठी पदकं आणलेल्या महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. लैंगिक छळाची तक्रार कोणी ऐकून घेत नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. ऑलिंपिक पदकविजेत्या साक्षी मलिकने त्याच वर्षी डिसेंबरात कुस्ती सोडली. प्रकरण न्यायालयाचं आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण एवढं म्हणेन की पदकविजेत्या मुलींना रस्त्यावर बसून दाद मागावी लागली, तर खेड्यातल्या मुलीची आई काय विचार करेल? ती म्हणेल, नकोच तो खेळ. म्हणून मुलीला मैदानावर पाठवताना तिचं बोलणं ऐकून घेणारं माणूस घरात आणि मैदानावर दोन्हीकडे हवं. मुलगी काही सांगू लागली तर आधी "तूच काहीतरी केलं असशील" असं म्हणू नका.

दुसरी बाकी पदांची. पी. टी. उषा २०२२ साली भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०२५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीलाही क्रिस्टी कोव्हेंट्री यांच्या रूपाने पहिली महिला अध्यक्ष मिळाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुषांना जागा निम्म्या-निम्म्या होत्या. वर दार उघडलं. खाली तालुक्याच्या, गावाच्या क्रीडा मंडळांत किती बायका आहेत, ते ज्याने त्याने मोजावं.

तिसरी बाकी आपल्या दारातली. आणि इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. वयाचा मान ठेवून ऐकून घ्या.

आपल्या सोसायटीच्या आराखड्यात एक मोकळा भूखंड आहे. पंचवीस वर्षांत तिथे काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नांचे मांडव पडले, गणपती बसले, पोरांचं क्रिकेट रोज चालतं. आठ-दहा वर्षांपर्यंत मुलीही तिथे लंगडी, लगोरी, खो-खो खेळतात. बारा-तेराव्या वर्षी त्या एकेक करून दिसेनाशा होतात. कोणी त्यांना काढून टाकलं का? नाही. कोणी ठराव केला का? नाही. एकीला आई म्हणते आता मोठी झालीस. दुसरीचं दहावीचं वर्ष जवळ येतं. तिसरीला पाळीच्या दिवसांत जवळ स्वच्छतागृह नाही. चौथीला सहानंतर अंधारात भीती वाटते. पाचवीला मुलं म्हणतात, आमची मॅच चालू आहे, बाजूला हो. असं करत करत मैदान पोरांचं झालं. त्याची नोंद आपल्या एकाही सभेच्या इतिवृत्तात नाही, तरी ते झालं.

आता येत्या सर्वसाधारण सभेपुढे विषय आहे की त्या भूखंडावर पेव्हर ब्लॉक टाकून वाहनतळ करावा. मी त्याला सरसकट विरोध करत नाही. मोटारी वाढल्या आहेत, यात्रेत पाहुणे येतात, गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, हे सगळं खरं आहे. पण हिशेब पूर्ण मांडा. मुलींच्या कबड्डीच्या मैदानाला जागा लागते १२ मीटर बाय ८ मीटर. म्हणजे सात-आठ मोटारी उभ्या राहतील तेवढी. खो-खोला २७ बाय १६ मीटर माती आणि दोन खांब. यापलीकडे खर्च नाही. बॅट नको, नेट नको, महागडे बूट नकोत. गरिबाच्या मुलीला परवडतील असे हे दोन खेळ, आणि दोन्ही आपल्या मातीतले. पेव्हर ब्लॉकवर मात्र दोन्ही खेळता येत नाहीत, गुडघे फुटतात.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. त्या मी सभेला लेखीही देणार आहे.

एक, भूखंडाची निम्मी जागा मातीचीच राहावी. वाहनतळ उरलेल्या निम्म्या जागेवर व्हावा.

दोन, रोज संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ मुलींची. त्या वेळात पोरांनी क्रिकेटचे स्टंप काढायचे. कोपऱ्यात एक दिवा आणि कार्यालयाशेजारचं स्वच्छतागृह त्या वेळेपुरतं उघडं. रोज पाळीपाळीने दोन सभासद तिथे खुर्ची टाकून बसतील, त्यातली एक महिला. माझं नाव सोमवारी लिहा. निवृत्त माणसाला संध्याकाळी दुसरं काम नसतं.

तीन, सिंकिंग फंडाला हात न लावता घरटी महिना वीस रुपये क्रीडा वर्गणी. ती बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायची आणि त्या खात्यावर सही करणाऱ्या दोघांत एक महिला असावी. यातून वर्षाला खांब, चुना, प्रथमोपचार पेटी आणि तालुक्याच्या स्पर्धेला जाण्याचं भाडं निघेल. वीस रुपयांत आता दोन कटिंग चहासुद्धा मिळत नाहीत.

कोणी विचारेल, नाना, यातून एखादी कविता राऊत निघणार आहे का? निघेल किंवा निघणार नाही. बँकेत आवर्ती ठेव काढायला येणाऱ्याला आम्ही कधी विचारलं नाही की तुम्ही करोडपती होणार का. दर महिन्याला थोडं थोडं भरत राहायचं, गरजेच्या वेळी ते उपयोगी पडतं. रोज तासभर धावणाऱ्या मुलीचं हाड घट्ट होतं, रक्त वाढतं, पडून उठायची सवय लागते, हरणं पचतं, आणि चारचौघांत "आउट नाही" असं ठणकावून सांगायला ती शिकते. आपल्या जिल्ह्यात मुलींच्या अंगात रक्त कमी असणं ही जुनी दुखणी आहे. त्यावर गोळ्या द्यायलाच हव्यात, पण भूक लागण्याइतकं पळायलाही मिळालं पाहिजे. आणि घरात दुधाचा पेला भावाला पूर्ण आणि बहिणीला अर्धा असेल तर आधी ते बदला. समानतेचं पहिलं मैदान आपलं स्वयंपाकघर आहे.

पोरींनो, शेवटचं तुमच्यासाठी. मैदान मागायला लाजू नका. तेरा वर्षांच्या रोहिणीने पुरुषांच्या पटासमोरची खुर्ची सोडली नाही, म्हणून पुढच्या सगळ्यांना बसायला मिळालं. आणि मुलग्यांनो, साडेपाचला स्टंप काढा आणि बाजूला बसून बघा. चांगल्या खो-खोतली सूर मारून केलेली पकड क्रिकेटच्या झेलाइतकीच बघण्यासारखी असते.

सभासद बंधू-भगिनींनो, ठराव हात वर करून मंजूर होतो. सभेच्या दिवशी घरातल्या एकट्या पुरुषाला पाठवू नका, दोघं या. संस्थेच्या पुढच्या पंचवीस वर्षांना शुभेच्छा देऊन थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.